कुलूप प्रोग्रामला, खतावणीला नव्हे

प्रश्न : पारनेरच्या एका पतसंस्थेत मी बरीच वर्षं हिशेबाचं काम पाहतो. १९९७ साली संस्थेने डॉसवर चालणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्यासोबत प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक लॉक आलं होतं. पुढे नवं सॉफ्टवेअर आलं, पण जुनी खाती त्यात चढवली नाहीत, फक्त अखेरच्या बाक्या पुढे ओढल्या. आता वसुलीच्या दाव्यात नाहीतर वारसांच्या भांडणात जुना खातेउतारा लागला, की कोपऱ्यातला पेंटियम चालू करावा लागतो. तो कधी चालू होतो, कधी नाही. सगळा फोल्डर नव्या विंडोज ११ च्या संगणकावर घेतला, तर प्रोग्राम उघडतच नाही. दुकानदाराने यूएसबीचं पॅरलल पोर्ट करणारी केबल दिली. तिच्यावर प्रिंटर चालतो, लॉक मात्र सापडत नाही. सॉफ्टवेअर देणारी कंपनी कधीच बंद झाली. काय करावं? आणि एवढ्याशा डबीत असतं तरी काय, की ती नसली तर प्रोग्राम हलत नाही?
— एक वाचक, पारनेर

उत्तर : पहिली गोष्ट, तो पेंटियम आता उगीच चालू करून बघू नका. पंचवीसहून अधिक वर्षं जुनी हार्ड डिस्क कोणत्या वेळी फिरायची थांबेल हे सांगता येत नाही, आणि तुमच्याकडे मोलाचं जे आहे ते त्या डिस्कवर आहे, डबीत नाही. लॉक प्रोग्रामला लावलेलं असतं. खातेदारांची नावं, ठेवी, कर्जाचे हप्ते, व्याजाच्या नोंदी या वेगळ्या फाइलींमध्ये असतात आणि बहुतेक वेळा त्या फाइलींना कसलंही कुलूप नसतं. लॉक चालवण्याच्या खटपटीत महिनोन्‌महिने जातात, तेवढ्यात डिस्क जाते, आणि मग लॉक चालून तरी काय उपयोग? म्हणून आधी डेटा, मग प्रोग्राम, हा क्रम सोडू नका. दोन्ही कसं करायचं ते पुढे येईलच. आधी तुमचं कुतूहल, कारण ते कळलं की केबलवर पैसे का गेले हेही कळेल.

डबीच्या एका अंगाला पंचवीस पिना, दुसऱ्या अंगाला पंचवीस भोकं, दोन्ही बाजूंना आवळायचे स्क्रू. संगणकाच्या मागे प्रिंटरची केबल लागते तिथे ही बसवायची आणि केबल हिच्या पाठीत खोचायची. आत एखादी चिप, थोडीशी स्मृती, आणि कोणी उघडून पाहू नये म्हणून कित्येकदा वरून ओतलेलं इपॉक्सी. हिला बॅटरी नसते, वेगळी वायर नसते. पोर्टाच्या तारांवर जो काही पाच व्होल्टांचा दाब असतो त्यातूनच ही आपली वीज काढून घेते.

प्रोग्राम सुरू झाला की तो या तारांवर आकड्यांची एक ठरावीक मालिका टाकतो. प्रिंटर ती छापत नाही, कारण ‘स्ट्रोब’ नावाची एक तार हलवल्याशिवाय प्रिंटर डेटाच्या तारांकडे लक्ष देत नाही, आणि प्रोग्राम ती तार मुद्दाम हलवत नाही. डबी मात्र मालिका ओळखते, आपल्या पोटातल्या सूत्राने तिचं उत्तर काढते आणि ते परत पाठवते. कोणत्या तारांनी? ‘कागद संपला’, ‘मी कामात आहे’, ‘बिघाड झाला’ असं कळवायला प्रिंटरकडून संगणकाकडे येणाऱ्या पाच तारा असतात, त्यांतल्याच एखाद-दुसऱ्या तारेने. उत्तर बरोबर आलं तर प्रोग्राम पुढे सरकतो, नाहीतर लॉक नसल्याचा संदेश देऊन बंद पडतो. शहाणे प्रोग्रामर ही चौकशी फक्त सुरुवातीला करून थांबत नसत. व्याज आकारणी किंवा वर्षअखेर अशा नेमक्या वेळी पुन्हा करत.

कल्पना जुनी आहे. १९८० च्या सुमाराला कमोडोर पेट या संगणकावरच्या ‘वर्डक्राफ्ट’ या लेखनाच्या प्रोग्रामसाठी इंग्लंडमध्ये अशी पहिली डबी बनवली गेली असं सांगतात. पुढे दोन नावं जगभर पसरली, इस्रायलच्या अलादीन कंपनीचं ‘हॅस्प’ आणि अमेरिकेतल्या रेनबो कंपनीचं ‘सेंटिनल’. रेनबो २००४ मध्ये सेफनेटमध्ये विलीन झाली, अलादीनही पुढे त्याच घरात आली, सेफनेट जेमाल्टोने घेतली आणि २०१९ मध्ये जेमाल्टोला फ्रान्सच्या थेल्सने घेतलं. म्हणजे तुमच्या डबीवर यांपैकी एखादं नाव असेल तर तिचा वारस निदान जिवंत आहे. आपल्याकडे मात्र बिननावी, देशी बनावटीची लॉकंही पुष्कळ होती. फ्लॉपीची नक्कल चहा पिऊन होईपर्यंत निघायची, त्यामुळे एका संस्थेला विकलेलं सॉफ्टवेअर शेजारच्या चार संस्थांत फुकट पोचायला वेळ लागत नसे, आणि लहान सॉफ्टवेअर कंपन्यांना लॉकशिवाय तरणोपाय नव्हता. डीटीपीची कामं करणाऱ्यांना पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचं लॉक चांगलं आठवत असेल. सहकाराच्या नगर जिल्ह्यात दूध संस्था, पतसंस्था, सोसायट्या, सगळीकडे फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेले आणि लॉक लावलेले प्रोग्राम होते. कित्येक ठिकाणी अजून आहेत.

आता नवा संगणक का अडतो ते पाहू. डॉसमध्ये प्रोग्राम हा यंत्राचा मालक असे. पोर्टाचा पत्ता ठरलेला, बहुधा ३७८ (हा सोळाच्या पायावरचा आकडा). प्रोग्राम थेट प्रोसेसरला म्हणे, ३७८ वर हा आकडा टाक, ३७९ वर काय आलंय ते वाच. मध्ये कोणी नाही. विंडोज ९५ आणि ९८ यांनी या सवयीकडे काणाडोळा केला, म्हणून त्यांच्यावर असली लॉकं बिनबोभाट चालली. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपी यांनी तो कारभार बंद केला. तिथे डॉसचा प्रोग्राम एका बंद खोलीत चालतो, पोर्टाला हात लावायला गेला की प्रोसेसरच त्याला अडवतो आणि विंडोजला कळवतो. त्यातून वाट काढायला लॉक बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी वेगळे ड्रायव्हर दिले. ते बसवले की डॉसच्या प्रोग्रामला लॉक पुन्हा दिसायचं. ज्यांनी ड्रायव्हर दिला नाही त्यांचे ग्राहक विंडोज ९८ वरच राहिले.

चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये तर ती खोलीच पाडली आहे. डॉसचे सोळा बिटांचे प्रोग्राम चालवायला इंटेलने १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्ये एक खास अवस्था दिली होती. प्रोसेसर चौसष्ट बिटांच्या रीतीने चालू लागला की ती अवस्था उपलब्ध राहत नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टने चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये डॉसची सोय ठेवलीच नाही. विंडोज १० ची बत्तीस बिटांची आवृत्ती होती, तिच्यात ही सोय मागून घेता यायची. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ बत्तीस बिटांत निघालीच नाही. म्हणजे तुमचा प्रोग्राम नव्या संगणकावर अडतो तो लॉकच्या आधीच. लॉकपर्यंत मजल जातच नाही. ‘कम्पॅटिबिलिटी’च्या खिडकीत विंडोज ९५ वर खूण करून काही होणार नाही.

आणि ती केबल. संगणकाच्या दृष्टीने ती केबल म्हणजे पॅरलल पोर्ट नसतो, यूएसबीचा प्रिंटर असतो. तिला ३७८ हा पत्ता नसतो. विंडोजने दिलेला छापायचा मजकूर ती प्रिंटरला पोचवते, बस्स. पत्रपेटीत पत्र टाकता येतं, पण पेटीला प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही, तसा हा प्रकार. लॉकला मात्र क्षणाक्षणाला तार वर-खाली करून सवाल-जवाब करायचा असतो. तुमच्या दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही, प्रिंटर चालतोय ना. पण लॉकसाठी म्हणून ही केबल कोणी विकत असेल तर घेऊ नका.

आता डेटा. संगणक बंद ठेवून हार्ड डिस्क काढा. त्या काळची असेल तर मागे चाळीस पिनांची रुंद पट्टी लागणारी आयडीई डिस्क असेल. आयडीई ते यूएसबी असा अडॅप्टर स्वस्तात मिळतो. त्याला डिस्कची वीजही वेगळी द्यावी लागते, तेव्हा वीजजोडणीसकट येणारा घ्या. पारनेरात नाही मिळाला तर नगर, पुणे किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळेल. डॉसचं फॅट स्वरूप विंडोज ११ आजही वाचते. डिस्क जोडली की काही उघडून बघत बसू नका, काही लिहू नका, आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढा. डिस्क कुरकुरत असेल तर लिनक्सवरचं ‘डीडीरेस्क्यू’ नावाचं साधन वापरणारा माणूस गाठा. खराब भाग मागे ठेवून आधी चांगला भाग उचलायचा, हे त्याला जमतं. एक प्रत संस्थेत, दुसरी संस्थेबाहेर.

मग त्या प्रतीत शेवटी ‘डीबीएफ’ असलेल्या फाइली शोधा. फॉक्सप्रो, क्लिपर, डीबेस, तिघांचंही हेच स्वरूप. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये त्या सरळ उघडतात. रकान्यांची नावं दहा अक्षरांच्या आत कोंबलेली असतील, पण हिशेबाची सवय असलेल्या माणसाला ‘एसी-एनओ’ आणि ‘इंट-एएमटी’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सोबतच्या ‘एफपीटी’ किंवा ‘डीबीटी’ फाइलींत शेरे असतात, त्याही जपा. काही कंपन्या स्वतःचंच गुप्त स्वरूप वापरत. तसं असेल तर फाइली उघडणार नाहीत आणि प्रोग्राम चालवण्याला पर्याय राहणार नाही. पण पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरमध्ये तसं कमीच दिसतं.

इथे एक खाचखळगा आहे आणि हिशेबनिसाने तो नीट ध्यानात ठेवावा. डीबीएफमध्ये नोंद खोडली तरी ती फाइलमधून जात नाही. तिच्या आधीच्या एका जागेत तारांकन पडतं आणि प्रोग्राम ती दाखवायचं थांबवतो. ‘पॅक’ असा आदेश दिला तरच ती खरोखर जाते. आता समजा कोणी हौशी माणसाने सगळी फाइल दुसऱ्या साधनाने एक्सेलमध्ये ओतली आणि त्या साधनाने तारांकनाकडे पाहिलंच नाही, तर पंचवीस वर्षांपूर्वी चुकून दोनदा टाकलेला आणि मग रद्द केलेला हप्ता जिवंत होऊन खात्यात येऊन बसेल. उतारा कोर्टात गेला की मग पंचाईत. म्हणून कोणत्याही साधनाने डेटा काढला तरी त्या त्या वर्षाच्या छापील तेरजेशी बाक्या ताडून पाहा. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद संस्थेच्या दप्तरात असणारच. शंभर रुपयांचाही फरक आला तर मागे जाऊन त्या महिन्याची किर्द काढा. दिवसाची किर्द जुळली, महिन्याची तेरीज जुळली, की मगच तो डेटा खरा धरायचा. या कामात कॉम्प्युटरवाल्यापेक्षा तुमच्यासारखा माणूस जास्त उपयोगी.

नावं मराठीत असतील तर आणखी एक पायरी. डॉसवर देवनागरी दाखवायला त्या काळी ‘जिस्ट’ कार्ड लावत. हे काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलं. कार्ड संगणकाच्या आयसा खाचेत बसे आणि पडद्यावर जाणारी अक्षरं मध्येच पकडून देवनागरीत काढून दाखवे, त्यामुळे डीबेसला, लोटसला आपण मराठी दाखवतोय याचा पत्ताही नसे. मला विचाराल तर भारतात त्या काळात झालेल्या संगणकीय कामांपैकी हे सगळ्यांत हुशार काम. त्यातला मजकूर ‘इस्की’ या भारतीय मानकात असतो, आयएस १३१९४, १९९१ सालचं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतली असल्यामुळे इस्कीचं युनिकोड करणं अवघड नाही. विंडोजमध्ये इस्की देवनागरीला ५७००२ हा कोडपेज क्रमांक आहे, आणि रूपांतर करणारी तयार साधनंही आहेत. कॅल्कमध्ये उघडल्यावर नावांच्या जागी विचित्र रोमन खुणा दिसल्या, तर घाबरून फाइल खराब झाली असं समजू नका. रूपांतर बाकी आहे एवढंच. पण मजकूर इस्कीत नसून एखाद्या खासगी फॉन्टच्या सोयीने टाकलेला असेल तर त्या फॉन्टचा तक्ता मिळवावा लागतो. ते काम किचकट आहे.

एवढं झालं, तर कदाचित तुम्हाला जुना प्रोग्राम चालवायची गरजच उरणार नाही. पण जुन्या नमुन्यातला छापील उतारा हवा असेल, किंवा व्याज कोणत्या पद्धतीने आकारलं हे प्रोग्रामकडूनच वदवून घ्यायचं असेल, तर पुढे वाचा.

माझं मत विचाराल तर नव्या संगणकाशी झटत बसण्यापेक्षा मधल्या वयाचा संगणक शोधा. २००८ ते २०१२ च्या दरम्यान सरकारी आणि खासगी कचेऱ्यांत शिरलेले, इंटेलच्या जी४१ सारख्या चिपसेटचे बरेच मदरबोर्ड असे आहेत की ज्यांच्या मागे खरा पॅरलल पोर्ट आहे, आणि ते अजून भंगारात न जाता जुन्या मालाच्या दुकानांत मिळतात. त्यावर फ्रीडॉस टाका. अमेरिकेतल्या जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला हा फुकट आणि खुला डॉस आजही जिवंत आहे, एप्रिल २०२५ मध्ये त्याची १.४ ही आवृत्ती आली. तुमच्याकडे परवान्याचं एमएस-डॉस ६.२२ असेल तर तेही चालेल, फक्त डिस्कचे भाग दोन जीबीच्या आत ठेवा. अगदी नव्या संगणकांवर मात्र डॉस थेट सुरूच होत नाही. जुन्या बायोसची सोय काढून टाकण्याचं इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केलं होतं आणि आता ती बहुतेक ठिकाणी गेली आहे.

बायोसमध्ये शिरून पॅरलल पोर्टची रीत ‘एसपीपी’ किंवा ‘नॉर्मल’ ठेवा. ‘ईसीपी’वर कित्येक लॉकं रुसतात. मग डॉसच्या प्रॉम्प्टवर ‘डीबग’ असं लिहून एंटर करा, आणि पुढे ‘डी ४०:८’. पडद्यावर आकड्यांची ओळ येईल, हा पोर्टांच्या पत्त्यांचा तक्ता. ती ७८ ०३ ने सुरू होत असेल तर काम झालं. पत्ता ३७८ आहे, उलटा दिसतो कारण इंटेलचे प्रोसेसर धाकटा बाइट आधी लिहितात. तिथे ०० ०० असेल तर पोर्ट बायोसमध्ये बंद आहे. आणि पोर्ट मदरबोर्डवर नसून तुम्ही वेगळं पीसीआय कार्ड लावलं असेल, तर पत्ता डी००० असा काहीतरी परका निघेल, कदाचित या तक्त्यात येणारही नाही. काही प्रोग्राम हा तक्ता वाचून लॉक शोधतात. त्यांच्यासाठी डीबगनेच तक्त्यात कार्डाचा पत्ता लिहिला की काम भागतं. काही प्रोग्राम डोळे मिटून ३७८ वरच जातात, त्यांच्यापुढे कार्डाचं काही चालत नाही. कार्ड विकत घेण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं.

जुन्या संगणकावरून प्रोग्रामचा फोल्डर आणताना सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या ‘कॉन्फिग.सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या दोन फाइलीही आणा. फॉक्सप्रोला एकाच वेळी बऱ्याच फाइली उघड्या लागतात. कॉन्फिगमध्ये ‘फाइल्स=१००’ अशा अर्थाची ओळ नसेल तर प्रोग्राम मध्येच थांबेल आणि दोष लॉकवर येईल. दुसरी गंमत वेगाची. क्लिपर आणि फॉक्सप्रोच्या जुन्या आवृत्त्या सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजतात, आणि प्रोसेसर अति जलद असला की मोजलेला वेळ शून्य येतो, शून्याने भागाकार होतो आणि प्रोग्राम कोसळतो. क्लिपरमध्ये ‘आर ६००३’ असा संदेश येतो. त्यावर दुरुस्त्या निघालेल्या आहेत, आणि संगणक मुद्दाम हळू करणारी छोटी साधनंही आहेत.

नवा संगणकच वापरायचा हट्ट असेल तर आभासी संगणकाचा मार्ग आहे. व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज ९८ किंवा डॉस बसवून खऱ्या संगणकाचा पॅरलल पोर्ट आत जोडता येतो. पण खरा पोर्ट हवाच, आणि सवाल-जवाबातला उशीर काही लॉकांना सोसत नाही. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी लिहिलेला, त्याच्या मूळ रूपात पॅरलल पोर्टच नाही. त्याचा डॉसबॉक्स-एक्स नावाचा वाढवलेला प्रकार आहे, त्यात खरा पोर्ट जोडायची सोय आहे. लिनक्सवरच्या डॉसएम्युमध्येही ठरावीक पत्ते थेट प्रोग्रामला देता येतात. जमलं तर उत्तमच. पण हे करून देणारा माणूस पुण्याला गेला की पुढे दुरुस्त कोण करणार, हाही विचार करा. जी४१ चा संगणक तुमच्या इथला कोणीही सांभाळू शकेल.

उरला तो प्रश्न जो तुम्ही विचारला नाहीत पण तुम्हाला कोणीतरी सुचवलाच असेल: लॉक तोडून देतो, अमुक हजार द्या. कॉपीराइट कायदा १९५७, त्याचं कलम ५२ कायदेशीरपणे प्रोग्राम बाळगणाऱ्याला हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून राखीव प्रत काढू देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए मात्र हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची कैद सांगतं. तुमचा हेतू हक्कभंगाचा नाही, हे खरं. अमेरिकेत २००३ मध्ये, बिघडलेल्या आणि बाजारात न मिळणाऱ्या डबीने अडवलेल्या प्रोग्रामसाठी लॉक ओलांडायला स्पष्ट सूट दिली गेली होती. आपल्याकडे एवढी नेमकी सूट लिहिलेली नाही. त्यामुळे संस्थेने असं काही करायचं ठरवलं तर संचालक मंडळाचा ठराव आणि वकिलाचा सल्ला घेऊनच करावं. खरेदीचं जुनं बिल, परवान्याचा कागद आणि ती डबी हे तिन्ही जपून ठेवावं. शिवाय तोडलेला प्रोग्राम कोण जाणे कुठे कुठे फिरून आलेला असतो. ठेवीदारांचा डेटा ज्या यंत्रावर आहे तिथे मी तो चालवणार नाही. आणि तुमचं लॉक तर शाबूत आहे. तोडायचं कशाला?

प्रश्न : सुप्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. यंत्राचा जुना प्रोग्राम विंडोज ९८ वर चालतो, लॉक पॅरलल पोर्टला, त्याच्या मागे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. प्रिंटर चालू असला की लॉक सापडतं, बंद ठेवला की सापडत नाही. प्रिंटरचा आणि लॉकचा काय संबंध?
— एक वाचक, सुपे, ता. पारनेर

उत्तर : संबंध विजेचा. लॉक तारांवरच्या जेमतेम विजेवर जगतं हे वर आलंच आहे. प्रिंटर बंद असला तरी केबल जोडलेली असते, आणि बंद प्रिंटरच्या आतले वीज नसलेले भाग त्या तारांवरचा दाब खाली ओढतात. लॉकला पुरेशी वीज मिळत नाही, त्याचं उत्तर क्षीण होतं आणि प्रोग्राम म्हणतो लॉक नाही. काही लॅपटॉपांच्या पोर्टवर मुळातच दाब कमी असतो, तिथे प्रिंटर नसतानाही हाच प्रकार होतो. एकावर एक दोन लॉकं लावली तरी हेच.

उपाय सोपा. प्रोग्राम चालू असेल तोवर प्रिंटर चालू ठेवा, नाहीतर केबल लॉकपासून सोडवून ठेवा आणि छापायचं असेल तेव्हाच लावा. मात्र केबल काढताना-लावताना संगणक आणि प्रिंटर दोन्ही बंद हवेत. हा पोर्ट चालू स्थितीत जोडायला बनवलेलाच नाही, आणि घाईत चालू यंत्रावर केबल उपटल्यामुळे गेलेली लॉकं काही कमी नाहीत. स्क्रूही आवळून घ्या. वर्कशॉपमध्ये यंत्रांच्या हादऱ्याने सैल झालेली डबी हे ‘लॉक सापडत नाही’चं कारण अनेकदा असतं, आणि ते पेचकसाने सुटतं.